भुकेला कोंडा

आमच्या घरात सगळ्यात जास्त धावपळ कुणाची होत असेल, तर ती माझ्या सासूबाईंची. वय बहात्तर, डाव्या गुडघ्याला पट्टा आणि हातात स्टीलची ताटली. ताटलीत कधी तूप-साखर लावलेल्या पोळीचे तुकडे, कधी उपम्याचे उरलेले चार घास. पुढे आमची लेक. ती काही पळायची नाही. डोळे मोबाइलमध्ये घालून या खोलीतून त्या खोलीत नुसती सरकायची. आजी मागून जाऊन घास पुढे करायच्या आणि वर न बघता लेकीचं तोंड बरोबर उघडायचं. 'एक घास चिऊचा' म्हणायचं वय कधीच मागे पडलं होतं. लेक तेव्हा साडेदहा वर्षांची होती. एका रविवारी मी हे बघत होते आणि मनात आलं, या घरात व्यायाम फक्त एकाच माणसाला होतोय. (मी स्वतः तेव्हा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते, हेही नोंदवून ठेवते.)

बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये एक फोटो आहे. सोसायटीच्या गणपतीतली सुदृढ बालक स्पर्धा. लेक दीड वर्षांची, दुसरा क्रमांक. मांड्यांना वळ्या, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी. परीक्षक बाईंनी तिला उचललं आणि "अगं बाई, चांगली भारी आहे की!" म्हणाल्या, तेव्हा माझी मान केवढी ताठ झाली होती. आपल्याकडे गुटगुटीत हा कौतुकाचा शब्द. तो परत कधी घ्यायचा, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. पाचव्या वर्षापर्यंत ती गुटगुटीत होती. आठव्या वर्षी लग्नकार्यात मावश्या "खात्यापित्या घरची दिसतेय" म्हणू लागल्या. दहाव्या वर्षी एका मामींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "मुलीची जात आहे बाई, आत्ताच बघ काय ते." लेक तीन फुटांवर उभी होती. तिला ऐकू गेलं.

२०२४ च्या दिवाळीनंतर शाळेतून आरोग्य तपासणीचं कार्ड आलं. दात ठीक, डोळे ठीक, आणि वजनापुढे लाल शाईत 'जास्त'. पुढे काय करायचं याचा एक शब्द नाही. मग मीच करायला घेतलं, आणि जे केलं त्याची आज लाज वाटते.

भात बंद. बटाटा बंद. साखरेचा डबा वरच्या फळीवर. फ्रिजला तक्ता चिकटवला. दर रविवारी सकाळी वजनकाटा. शिवाय जवळच्या एका ठिकाणी खास मुलांसाठी असलेला फिटनेसचा क्लास लावला. तीन महिन्यांची फी आगाऊ, गुळगुळीत लादी, कानठळ्या बसवणारं संगीत आणि समोर भिंतभर आरसा. लेक नऊ दिवस गेली. दहाव्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. अकराव्या दिवशीही दुखलं. तासभर समोर आपणच दिसणं तिला किती जड गेलं असेल, हे कळायला मला वेळ लागला. रविवारी काट्यावर चढायच्या आधी ती केसांतला क्लिप काढून ठेवायची. कानातलीही काढायची. मी ते बघून हसले होते.

तिसऱ्या आठवड्यात झाडताना तिचं कपाट जरा पुढे ओढलं, तर मागे बिस्किटांची वेष्टनं. सात-आठ असतील. नीट चपटी करून, वर रबर लावून ठेवलेली, कारण कचऱ्याच्या डब्यात टाकली असती तर मला सापडली असती. मी काही बोलले नाही. कपाट होतं तिथं सरकवलं आणि बराच वेळ केरसुणी हातात धरून तिथंच बसून राहिले. स्वतःच्या घरात चोरून खायला मी माझ्या पोरीला तीन आठवड्यांत शिकवलं होतं.

आमचे मुलांचे डॉक्टर कमी बोलणारे आहेत. त्यांनी आधी तिची उंची घेतली, मग शिंप्याकडे असते तसली टेप काढून पोटाचा घेर मोजला. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा त्यांचा साधा हिशेब. आमचा थोडा वर गेला होता. मी पर्समधून वही-पेन काढून डाएट लिहून घ्यायच्या तयारीत. डॉक्टर म्हणाले, "ते ठेवा आत. वाढतं अंग आहे, वजन उतरवायच्या मागे लागू नका. आहे तिथं थोपलं तरी पुरे. उंची वाढेल तसं बसतं ते." आणि मग लेकीला नाही, मला विचारलं, "ही आपण होऊन 'भूक लागली, खायला दे' असं शेवटचं कधी म्हणाली?"

मी लेकीकडे बघितलं. तिने माझ्याकडे. दोघींनाही आठवेना.

घरी येऊन तिच्या एका दिवसाचा हिशेब मांडला. सकाळी साडेसहाला चॉकलेटी पूड घातलेलं दूध आणि दोन बिस्किटं, कारण उपाशीपोटी शाळेत कसं पाठवायचं? साडेनऊला छोटा डबा. साडेबाराला मोठा डबा. दोनला घरी आल्यावर आजींचा ऊन ऊन वरणभात, कारण डब्यातलं ते काय जेवण? (माझ्या भातबंदीत हा भात कसा बसत होता, ते विचारू नका.) चारला ट्यूशनला जाताना फळांच्या रसाचं खोकं. साडेपाचला नूडल्स. सातला टीव्हीपुढे चिवडा. आणि नऊला जेवायला बसलं की आमचं एकमुखी रडगाणं, "ही जेवतच नाही हो!" दर दोन तासांनी कुणी ना कुणी प्रेमाने काहीतरी पुढे करत होतं. भूक बिचारी यायला निघायची आणि तिला वाटेतूनच कुणीतरी परत पाठवायचं.

त्या रसाच्या खोक्यावरची अक्षरं वाचायला मला चष्मा पुसून घ्यावा लागला. २०० मिलीत जवळजवळ २५ ग्रॅम साखर. वरच्या फळीवरचा डबा खाली काढला आणि चमच्याने एका वाटीत साखर घालत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. वाटीचा तळ पार झाकला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी अशा वरच्या साखरेचे १० टक्क्यांहून कमी असावेत, जमलं तर ५. दहा-अकरा वर्षांच्या पोराला ते ५ टक्के म्हणजे साधारण एवढीच वाटी. म्हणजे दिवसभराचा कोटा आम्ही चार वाजता, आंब्याचं चित्र काढलेल्या खोक्यातून, नळीने ओढून संपवत होतो. सासूबाई वाटीकडे बघून म्हणाल्या, "एवढी साखर तर मी शिऱ्यातसुद्धा घालत नाही." घालतात. पण ते असो.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण हल्ली तिचा फार बोलबाला आहे. साखर वाईट म्हणून घराघरांत गुळाची बर्फी, गुळाचा केक, गुळाचा चहा सुरू झालाय आणि तो 'हेल्दी' म्हणून वाढला जातो. मी ऊसपट्ट्यात वाढलेय. गुऱ्हाळावर काहिलीतला गरम गूळ भेंडीच्या पानावर घेऊन चाटलाय. गूळ मला जीव की प्राण. पण चवीला वेगळा असला, तरी अंगात गेल्यावर तो साखरच. आवडतो म्हणून खावा, उगाच त्याला पुण्य चिकटवू नये.

तर भूक. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव, शाळा पाचला सुटायची आणि घरी दप्तर टाकलं की आम्ही जे बाहेर पडायचो ते दिवेलागणीला परत. लगोरी, आट्यापाट्या, डबा ऐसपैस, विषामृत, देवळाच्या ओट्यावर खांब-खांब-खांबोळी. चिंचेचा कोवळा पाला, मीठ लावलेल्या कैऱ्या, बांधावरची बोरं, हातात उसाचं कांडं. ऊस दातांनी सोलायचा, हाही एक व्यायामच. संध्याकाळी घरात शिरताना चुलीवरच्या भाकरीचा वास नाकात गेला की पोटात अक्षरशः पीळ पडायचा. ताटात काय, तर शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल, बुक्कीने फोडलेला कांदा. कुणी विचारायचं नाही काय हवंय, आणि कुणी नाही म्हणायचं नाही. आजी म्हणायची, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. जेवता जेवता डोळे मिटायचे, त्यामुळे धोंड्याचीही सोय झालेली असायची.

एवढं लिहून थांबले असते तर 'गेले ते दिवस' छापाचा लेख झाला असता. पण ते दिवस इतकेही गोड नव्हते. १९९५ मध्ये शालेय पोषण आहाराची योजना आली, तेव्हा धाकटा भाऊ प्राथमिक शाळेत होता. सुरुवातीला शिजवलेलं अन्न नाही, महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, तोही हजेरी भरली तर. त्या तांदळासाठी शाळेत येणारी पोरं त्याच्या वर्गात होती. माझ्याबरोबर लगोरी खेळणाऱ्यांत अशा मुली होत्या, ज्यांना भूक खेळून लागायची नाही, ती सकाळपासून असायचीच. काटक म्हणून आपण ज्यांचं कौतुक करायचो, त्यातले किती जण नुसतेच अर्धपोटी होते, हे मला पस्तिशीनंतर सुचलं. तेव्हा भूक म्हणजे फार रम्य वस्तू, असं म्हणायचा अधिकार मला नाही. घरात डबे भरलेले असताना लागलेली भूक वेगळी आणि रिकामे असताना लागलेली वेगळी. मी लिहितेय ते पहिलीबद्दल.

दुसरी गोष्ट खेळाची. मी शाळेच्या खो-खो संघात होते. पळण्यात नाही, पण हूल देण्यात माझा हात कुणी धरायचं नाही. हूल म्हणजे काय, तर पाठलाग करणारी अंगावर येतेय, तिला मधली रेघ ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही, आणि तुम्हाला मात्र दोन्ही करता येतं. तुम्ही खांदा उजवीकडे झुकवता, ती उजवीकडे झेपावते आणि तोवर तुम्ही डावीकडून दोन बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे. तो एक क्षण. आठवीच्या दिवाळीपर्यंत मला तो रोज संध्याकाळी मिळत होता. मग पाळी सुरू झाली. आईने अर्धी चड्डी माझ्या धाकट्या भावासाठी आटवून ठेवली आणि म्हणाली, "आता पुरे." कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. वर्गातल्या मुली एकेक करून अशाच गळत गेल्या. नववीत मुलींचा संघच झाला नाही.

हे सगळं मी विसरून गेले होते. १९ जानेवारी २०२५ ला आठवलं. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. मॅट, झगझगीत दिवे, समालोचन. मी मोबाइलवर लावली आणि लेक, नेहमीप्रमाणे, मोबाइल आहे म्हणून येऊन बसली. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याच दिवशी पुरुषांनीही चषक मारला, त्यांचा कर्णधारही इकडचाच, प्रतीक वाईकर. लेकीला आवडला तो 'ड्रीम रन' हा प्रकार. पळणाऱ्या तिघींची तुकडी तीन मिनिटांच्या पुढे टिकली, की त्यांनाच गुण मिळायला लागतात. "म्हणजे नुसतं सापडलं नाही तरी मार्क?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो." आणि का कोण जाणे, पुढे म्हणाले, "मला कुणी पकडू शकायचं नाही." तिने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुला?"

तो 'तुला' मला लागला. पण उपयोगीही पडला.

आमच्या सोसायटीत चौदा मजल्यांच्या तीन इमारती आहेत आणि खेळायला बंदी असल्याच्या पाच पाट्या. 'बॉल खेळण्यास सक्त मनाई', 'हिरवळीवर चालू नये' वगैरे. एका पाटीवर तर पळणारं मूल काढून त्यावर लाल काट मारलीय. चित्रकार चांगला होता, मूल हसतंय. म्हणून आम्ही गेलो रेल्वेलाइनपलीकडच्या पालिकेच्या मैदानावर. निम्म्या मैदानात कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचे बांबू, उरलेल्या निम्म्यात क्रिकेटचे चार सामने एकमेकांत मिसळलेले आणि एका कोपऱ्यात दोन खांब. खो-खोची गंमतच ही. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब, एवढ्यावर भागतं. बॅट नको, बॉल नको, ब्रँडचे बूट नकोत. तिथं एक सर चाळीसेक मुला-मुलींना शिकवत होते. महिन्याची फी त्या आरशाच्या क्लासच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती.

लेकीला वाटलं होतं, गेल्या गेल्या पळायचं. सर म्हणाले, "आधी बसायला शीक." मधल्या रेघेवर आठ जण एकाआड एक तोंड करून बसतात आणि पाठीवर थाप पडून 'खो' आला की तीरासारखं सुटायचं, तर बसणं चवड्यांवरचं हवं. सगळं त्या बसण्यात आहे. आणि आमच्या लेकीला उकिडवं बसताच येईना! टाचा जमिनीला टेकल्या की ती मागे लवंडायची. टाचा उचलल्या की पुढे. तीन वेळा धपकन बसली. आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. मी कठड्याबाहेर उभी, घशात आवंढा. कमोडवर वाढलेली, टेबलावर जेवणारी, खुर्चीत अभ्यास करणारी मुलगी. दहा वर्षांत उकिडवं बसायची तिच्यावर वेळच आली नव्हती. आम्ही वजनाकडे बघत बसलो. तिच्या घोट्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मी पुढे व्हायला निघाले, तोच सर कठड्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, उद्यापासून तुम्ही सोडून घरी जा. तुम्ही उभ्या असलात की ती पडल्यावर आधी तुमच्याकडे बघते. मग तिला लाज वाटते. नुसती पडली तर काही वाटत नाही."

उकिडव्या बसण्याचा इलाज सासूबाईंनी काढला. स्वयंपाकघराच्या मधोमध वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मेथीच्या तीन जुड्या टाकल्या आणि नातीला म्हणाल्या, "बस. पाट नाही मिळायचा. ही संपेपर्यंत टाचा उचलायच्या नाहीत." स्वतः मात्र गुडघ्यामुळे स्टुलावर. पहिल्या दिवशी अर्धी जुडी झाली आणि पोरगी ओट्याला धरून उठली. पंधरवड्याने तिन्ही जुड्या झाल्या. महिन्याभरात ती उकिडवी बसून पाय न हलवता शेजारचं रिमोट उचलायला लागली. मेथी निवडणारी मुलं आवडीने मेथी खातात, असं कुठंतरी वाचलं होतं. ते खोटं आहे. आमची अजूनही मेथी बघून नाक मुरडते. पालक चालतो.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री पावणेआठ. लेक मैदानावरून आली. गुडघ्याला खरचटलेलं, घामाने केस कपाळाला चिकटलेले, मानेवर मातीचे ओघळ. बूटही न काढता स्वयंपाकघरात आली. "आई, काय आहे?"

"कशाला?"

"खायला. काहीपण."

काहीपण! हा शब्द आमच्या घरात खाण्याच्या बाबतीत पहिल्यांदाच उच्चारला गेला. नूडल्सच, पास्ताच, तेच सॉस, असं ऐकायची सवय झालेल्या कानांना तो फार गोड लागला. डब्यात सकाळची भाकरी होती, तीही माझ्यासाठी ठेवलेली, कडा कडक झालेली. मी तव्यावर गरम करायला घेतली तर म्हणाली, "तशीच दे." मी शेंगदाण्याची चटणी काढली, वर तेल सोडलं. तिने ओट्याशी उभ्या उभ्या भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तिखट लागून हाशहुश केलं आणि दुसरा मोडला. कडक कडा तिच्या दातांखाली कुरकुर वाजत होत्या. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. बोललो असतो तर तिला कळलं असतं, की आपण काहीतरी चांगलं करतोय, आणि मग सगळंच बिघडलं असतं. त्या रात्री साडेनऊला ती आडवी झाली आणि मी पांघरूण घालायला जाईपर्यंत गाढ झोपलेली. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते म्हणतात. त्याआधी अकरा वाजेपर्यंत तिला झोपवणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असायचा.

बाकी आम्ही फार काही केलं नाही. दोनचा वरणभात राहिला, पण मोठा डबा लहान झाला. चारचं खोकं आणणं बंद केलं. घरात नसलेली वस्तू कुणी मागून मागून किती मागणार? मैदानावर जाण्याआधी केळं किंवा मूठभर फुटाणे. सातचा चिवडा आपोआप गेला, कारण सातला ती घरातच नसते. टीव्ही बंद करून जेवायचं ठरवलं आणि त्यात सगळ्यात मोठा अडथळा कोण ठरलं, तर माझा नवरा. बातम्या बघितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. वाद अजून मिटलेला नाही. वजनकाटा मी भंगारवाल्याला दिला.

शाळेचंही सांगायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. रोजच्या खाण्यापिण्यातल्या कशात किती साखर, हे मुलांना रोज डोळ्यांसमोर दिसावं म्हणून. चांगलीच गोष्ट. जून उजाडला आणि लेकीच्या शाळेत तक्ता करायची स्पर्धा निघाली. आमच्या घरी वाटीत साखर मोजण्याचा पूर्वानुभव होताच. लेकीने छोट्या पारदर्शक पिशव्यांत साखर भरून रिकाम्या बाटल्यांखाली चिकटवली. पहिला क्रमांक आला. बक्षीस काय मिळालं असेल? चॉकलेटचा भला मोठा डबा. ती हसून हसून लोळली. मग आम्ही चौघांनी बसून तो डबा खाल्ला. तीन दिवस पुरला. पूर्वी कपाटामागे गेला असता.

ऑगस्टमध्ये पुन्हा डॉक्टर. वजन एक किलोने वाढलेलं, उंची साडेतीन सेंटिमीटरने. टेप पोटाभोवती फिरली आणि डॉक्टर "हं" म्हणाले. एवढंच. जाताना लेकीला विचारलं, "कुठली जागा खेळतेस?" ती म्हणाली, "मी पळते. हूल चांगली आहे माझी, सर म्हणतात." मी खिडकीबाहेर बघत बसले.

एक पेच मात्र मनात होता आणि तो कधीतरी समोर येणार, हे मला दिसत होतं. मैदानाच्या वेळेवरून सासूबाईंची कुरकुर पहिल्या दिवसापासून होती. दिवेलागणीला मुलगी घरात हवी. त्यातून अर्धी चड्डी. नोव्हेंबरमध्ये लेकीला पाळी आली. चार दिवस ती गेली नाही, मी आग्रह केला नाही. पाचव्या दिवशी साडेपाच वाजले. ती बाल्कनीत उभी. मी स्वयंपाकघरात, हातातलं काम उगाच लांबवत. आई दिसत होती मला, चड्डी आटवताना. तिच्यावर राग नव्हता. तिलाही कुणीतरी कधीतरी पुरे म्हटलं असणार. पण माझ्या तोंडात शब्द तयार होते आणि ते सासूबाईंना ऐकवायचे होते. आधी त्यांनी तोंड उघडावं, मग मी.

सासूबाई बाल्कनीत गेल्या. दोरीवरून काहीतरी काढलं, झटकलं. त्यांचा आवाज आला, "वाळलीय. गडद रंगाची आणायला सांगितली होती मी तुझ्या आईला, ती विसरली वाटतं. ही घाल आज." आणि मग, जरा थांबून, "पोटात दुखत असेल तर नको जाऊ. नसेल तर इथं उभी राहून काय करणारेस?"

गडद रंगाची आणायला त्यांनी मला कधीही सांगितलेलं नव्हतं.

ती दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. उकिडवी, टाचा टेकवून. सासूबाई आतून ताटली घेऊन आल्या. दोन थालीपिठं, वर लोण्याचा गोळा. सवयीने एक तुकडा मोडून तिच्या तोंडापुढे धरला.

"आल्यावर, आजी," ती म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

तो तुकडा सासूबाईंनी स्वतः खाल्ला. मग ताटलीवर दुसरी ताटली पालथी घातली, ती ओट्यावर ठेवली, आणि देवापुढे दिवा लावायला गेल्या.